सावनचा पहिला सोमवार

हे प्रकरण मला वर्षातून दोनदा आठवतं, पंधरा दिवसांच्या अंतरानं. दोनदा का, ते पुढे कळेलच. निवृत्त झाल्यापासून कुणी भेटलं की दरोड्याची गोष्ट सांगा, खुनाची सांगा, असा आग्रह असतो. त्या सांगून सांगून मला कंटाळा आला आहे. या प्रकरणात बंदूक नव्हती, रक्त नव्हतं. दोन फोटो होते, एक मोबाइल होता आणि एक मुलगी होती, जिला आमच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी देवासचा. आमचे आजे-पणजे देवास संस्थानात, थोरल्या पातीच्या राजांच्या दरबारात कारकुनी करायचे. मी मध्य प्रदेश पोलिसात भरती झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं धारला, जिल्ह्याच्या सायबर शाखेत काढली. स्वभावानं संशयी आहे. बायको म्हणते, दूधवाल्याशीसुद्धा तुम्ही जबाब घेतल्यासारखं बोलता. खरं आहे ते. दुधात पाणी असतंच, फक्त किती ते विचारावं लागतं. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी घेणार नाही, कारण ती सगळी माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांना बाजारात भेटतात.

मुलगी ऑफिसात आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडला होता. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. पिथमपूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, तिथेच मैत्रिणीबरोबर भाड्याची खोली. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून म्हणाली, "सर, तुम्ही मराठी का?"

"हो. देवासचा."

"मी पण देवासची," असं म्हणून ती खुर्चीत नीट बसली. आतापर्यंत ती उठून पळायच्या तयारीत टोकावर बसली होती.

तिला अनोळखी खात्यावरून हिंदीत मेसेज येत होते. सोबत दोन फोटो. पैसे दे, नाहीतर हे फोटो तुझ्या बापाला आणि सगळ्या नातेवाइकांना जातील. पैसे बँकेतून नको होते. क्रिप्टो पाहिजे होतं, म्हणजे मोबाइलवरचं ते नाणं, जे हातात धरता येत नाही. कसं विकत घ्यायचं, कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, सगळं पायरी पायरीनं लिहिलेलं. घाबरून तिनं एकदा पाठवलेही होते. आता दुसरी मागणी आली होती, पहिलीच्या दुप्पट. मुदत होती "सावन के पहले सोमवार तक".

"फोटो बघू," मी म्हटलं.

मला वाटलं होतं त्यातलं काही नव्हतं. मांडूला काढलेले फोटो. ही हातात खुरासानी चिंचेचं, म्हणजे आपल्या गोरखचिंचेचं, भलंमोठं फळ धरून हसते आहे आणि एका तरुणाचा हात तिच्या खांद्यावर आहे. बस.

"एवढ्यासाठी पैसे दिलेस?"

"सर, तुम्ही देवासचेच ना? मग असं कसं विचारता?"

मग तिनंच सांगितलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, धार जिल्ह्यातल्याच कुक्षी गावचा, हिंदी बोलणारा. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक. हे फोटो घरी गेले असते तर पोरीची नोकरी सुटली असती आणि महिन्याभरात तिला कुठल्या तरी स्थळाला दाखवायला उभी केली असती. देवासातली निम्मी मराठी घरं मला आतून माहीत आहेत.

"हे फोटो कुणाकुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे आणि त्याच्याकडे."

"बस?"

"बस." मग खाली मान घालून म्हणाली, "सर, पैसे गेले तर जाऊ द्या. पप्पांचं मी बघेन. मला फक्त एवढं सांगा, हे करणारा तो आहे का. मी त्याच्याशी लग्न करणार होती."

मी त्याचं नाव विचारलं. तर म्हणाली, "उद्या सांगते."

"उद्या कशाला? आत्ता सांग."

"उद्या सकाळी येऊन सांगते, सर. पक्कं."

हे मला अजिबात आवडलं नाही. ज्याला नाव सांगायचं असतं तो सांगतो. एक रात्र मागणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा अनुभव. म्हणजे तेव्हापासून माझा संशय त्या मुलाइतकाच तिच्यावरही होता. पण दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायला ती दारात हजर. नाव, मोबाइल नंबर, कुक्षीचा पत्ता, सगळं दिलं. अज्ञात आरोपीविरुद्ध खंडणीचा गुन्हा नोंदवून घेतला आणि तिला बजावलं की आता एक पैसाही पाठवायचा नाही.

आमच्या शाखेत एक उपनिरीक्षक होती, शिकलेली, हुशार मुलगी. क्रिप्टोचं प्रकरण आलं की मी तिच्या टेबलाशी जाऊन बसायचो. लोकांना वाटतं या नाण्याचा माग लागतच नाही, म्हणून चोरांना ते प्रिय. अर्धं खरं आहे. पैसे ज्या वॉलेटमध्ये जातात त्याला नाव-गाव नसतं, अक्षरं आणि आकडे यांचा एक लांबलचक पत्ता असतो. पण या पत्त्यावरून त्या पत्त्यावर किती गेले, कधी गेले, हे सगळ्या जगाला दिसतं आणि कुणालाही पुसता येत नाही. चौकात तोंडाला फडकं बांधून पैशांची देवाणघेवाण करावी, तसं. काय झालं ते सगळे बघतात, कुणी केलं ते कळत नाही.

आमच्या मुलीचे पैसे पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेले होते आणि तिथे पडून होते. संगणकावर ते दिसत होते. मिठाईच्या दुकानाच्या काचेतून बर्फी दिसावी तसे दिसत होते आणि हात लावता येत नव्हता.

"अब?" मी विचारलं.

"सर, एक चीज है," उपनिरीक्षक म्हणाली. या नाण्याचा व्यवहार करायला थोडं शुल्क लागतं आणि ते दुसऱ्याच एका नाण्यात भरावं लागतं. नवं वॉलेट रिकामं असतं, म्हणून शुल्काचं नाणं कुठून तरी आणावं लागतं. हे मला लगेच पटलं. गाडी चोरीची असली तरी पेट्रोल पंपावर जावंच लागतं, आणि पंपावर कॅमेरा असतो. आमच्या चोरानं पहिल्या वॉलेटसाठी पेट्रोल भरलं होतं ते नाणी विकणाऱ्या एका कंपनीतल्या खात्यातून. कंपनीत खातं उघडायचं तर आधार, पॅन आणि चेहऱ्याचा फोटो लागतो. आम्ही कंपनीला नोटीस पाठवली आणि वाट बघत बसलो. अशा कंपन्यांच्या उत्तराची वाट बघताना पोलिसाचा रक्तदाब वाढतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सगळंच सापडतं असं मी म्हणणार नाही. काही नाणी अशी आहेत की त्यांचा व्यवहार दिसतच नाही. काही लोक पैसे शंभर जणांच्या पैशांत मिसळून बाहेर काढतात. पक्का चोर असता तर आम्ही हात चोळत बसलो असतो. आमचा चोर पक्का नव्हता. पण हे कळायला वेळ लागला, आणि त्या वेळात मी एका निरपराध पोराला मनातल्या मनात फासावर चढवून मोकळा झालो होतो.

कुक्षीच्या त्या मुलाला आम्ही शनिवारी बोलावलं. त्याच कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करायचा. आला, नमस्कार केला, आणि मी विचारायच्या आत मोबाइल टेबलावर ठेवला.

"सर, लॉक खुला है. जो देखना है देख लो."

आता, पोलिसानं मोबाइल मागितला की भला माणूससुद्धा कचरतो. त्यात बायकोचे फोटो असतात, मित्रांच्या शिव्या असतात. जो आपणहून देतो तो घरी बसून सगळं साफ करून आलेला असतो. माझा संशय आणखी घट्ट झाला.

"क्रिप्टो करता है?"

"थोड़ा-बहुत लगाता हूं, सर." आणि त्यानं अ‍ॅप दाखवलं. आमच्या चोरानं पेट्रोल भरलेली कंपनी तीच.

"सावन के सोमवार करता है?"

"हां सर, बचपन से. मां कराती है."

मी उपनिरीक्षकाकडे बघितलं. तिनंही माझ्याकडे बघितलं. फोटो याच्याकडे, क्रिप्टो याला येतं, कंपनी तीच, सावन हा करतो. इतका सरळ गुन्हा मला क्वचित मिळाला असेल. मी त्याला तासन्‌तास बसवलं. गोड बोललो, आवाज चढवला, पुन्हा गोड बोललो. तो प्रत्येक वेळी तेच सांगायचा. मोबाइल तपासला, काही निघालं नाही. पण त्याला अर्थ नव्हता, कारण वॉलेट मोबाइलमधून काढून टाकता येतं. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते पाठ असले की कुठल्याही दुसऱ्या मोबाइलवर वॉलेट उघडतं. मोबाइल जप्त करून त्याला सोडलं.

बाहेरच्या बाकावर ती मुलगी बसली होती. सकाळपासून. मी दोनदा शिपायाकडून निरोप पाठवला होता की बाई, घरी जा, तुझं काम नाही. ती हलली नाही. मला वाटलं, त्याला हातकडी घातलेली बघायला बसली आहे. प्रेमातली माणसं एकदा उलटली की अशीच वागतात.

सोमवार आला. रस्त्यावर कावडवाल्यांचे डीजे, देवळांपुढे रांगा. आम्ही मुलीला ऑफिसात बसवून घेतलं, तिचा मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. मुदत आज संपणार, पैसे मिळाले नाहीत की तो काहीतरी लिहिणार, आणि लिहिलं की आम्ही त्याच्या मागावर. दुपार गेली. संध्याकाळ झाली. एक मेसेज नाही. मुलीनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मला त्याचा अर्थ स्पष्ट दिसत होता. शनिवारी आपण त्या पोराला बोलावलं, तो घाबरला, बीळ बुजवून बसला. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

"म्हणजे तोच?" तिनं विचारलं.

"अजून काही म्हणता येत नाही, बाळ."

ती उठली, ओढणी सावरली आणि निघून गेली. त्या दिवशीचा तिचा चेहरा आठवला की आजही जीव खालीवर होतो.

पुढचा सोमवार तसाच गेला. नाही मेसेज, नाही कंपनीचं उत्तर. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी मी बूट घालत होतो तर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "संध्याकाळी वेळेवर या. उपास सोडायचाय." मी हो म्हटलं आणि निघालो. उपास-तापास तिच्याकडे, माझ्याकडे फक्त जेवण.

आणि त्याच दिवशी, दिवेलागणीला, मुलीचा फोन. मेसेज आला होता. "सोमवार निकल गया. मजाक समझ रखा है? दो दिन में पैसा नहीं आया तो फोटो तेरे बाप के मोबाइल में."

उपनिरीक्षक चक्रावली. "सर, आज तो तीसरा सोमवार है. इतने दिन ये सो रहा था क्या?"

मलाही कळेना. पहिल्या सोमवारची मुदत आणि तिसऱ्या सोमवारी राग? सरकारी खात्यातला चोर आहे का, म्हणालो. घरी पोचलो तेव्हा पानं वाढलेली होती. बायकोनं नैवेद्य दाखवला. मी पहिला घास उचलला आणि सहज म्हणालो, "पुरण? आज काय विशेष?"

"सकाळी काय सांगितलं? उपास आहे, पहिला सोमवार."

"पहिला?"

"श्रावणाचा पहिला. असं काय करताय?"

"मग शेजारच्यांचा?"

"त्यांचा तिसरा," ती तूप वाढत म्हणाली. "त्यांचा महिना पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर. जन्म गेला माळव्यात, आणि हे मी सांगायचं?"

हातातला घास हातातच राहिला. माळव्यातल्या मराठी घरांत ही गोष्ट लहान पोरांनाही माहीत असते. शेजारी सावन लागतो, कावड निघते, शाळेतली मुलं सोमवार धरतात आणि आपल्याकडे अजून आषाढच चालू असतो. मांसाहार करणारे तर त्या पंधरवड्यात हिंदीवाल्यांपासून लपून करतात. मला हे माहीत होतं. पण मेसेज हिंदीत होता, "सावन" लिहिलेलं होतं, म्हणून मी हिंदी पंचांग धरलं. मुलीनंही तेच धरलं. लिहिणाऱ्यानं मात्र तसं धरलं नव्हतं. त्यानं भाषा बदलली, शब्द बदलला, पण महिना घरचाच मोजला.

म्हणजे मधले पंधरा दिवस तो घाबरून गप्प नव्हता. त्याच्या लेखी मुदत संपलीच नव्हती. आणि कुक्षीच्या पोराला त्याच्या आईनं लहानपणापासून ज्या सोमवारी उपाशी ठेवलं तो सोमवार केव्हाच होऊन गेला होता. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. चोर आपल्यातला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. "तुझ्या माहितीतलं, मराठी घरातलं कोण आहे, ज्याच्या हाती हे फोटो लागू शकतात?"

"कुणीच नाही, काका." एव्हाना सरचे काका झाले होते.

"मोबाइल कधी घेतलास?"

"गेल्या दिवाळीत."

"जुन्या मोबाइलमधलं नव्यात कुणी टाकून दिलं?"

"भावजींनी. देवासला गेली होती तेव्हा, त्यांच्या लॅपटॉपवर." आणि ती चक्क हसली. "काका, भावजी? अहो, पिथमपूरला एकटी राहायला पप्पा तयार नव्हते. भावजी भांडले त्यांच्याशी. त्यांच्यामुळे मी नोकरी करते. ते नाही. काहीही."

मी मान डोलावली. ज्या मुलाशी लग्न करायचं त्याच्यावर हिनं पहिल्या दिवशी संशय घेतला, आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव निघताच हसली. घरातल्या माणसावर संशय घ्यायला आपल्याला शिकवलेलंच नसतं. चोराला हे बरोबर ठाऊक असतं.

दोन दिवस उलटले, फोटो कुठेही गेले नाहीत. त्याच आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. खातं बाईच्या नावावर होतं. पत्ता देवासचा. आधार कार्डावरचा चेहरा आमच्या मुलीसारखाच, चार-पाच वर्षांनी मोठा. तिची ताई.

मी मुलीला काही कळवलं नाही. देवासच्या ठाण्याला कळवून ताईला आणि भावजींना सोमवारी तिथे बोलावलं. सोमवार मी मुद्दाम निवडला. ताईला बाहेर महिला शिपायाजवळ बसवलं आणि भावजींना आत घेतलं. नीटनेटका माणूस. एका कारखान्यात खरेदी विभागात होता. कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मृदू. मी मराठीत बोलायला लागलो तसा खुलला. ओळखीच्या चार घरांची चौकशी झाली. चहा आला.

"चालेल ना? आज उपास असेल तुमचा," मी म्हटलं.

"चहा चालतो."

"कितवा सोमवार हो आजचा?"

"दुसरा."

कोपऱ्यात लिहायला बसलेला ठाण्यातला प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, मान न उचलता म्हणाला, "चौथा है, साहब."

भावजी हसले. "यांचा चौथा. आपल्याकडे पंधरा दिवस मागे असतं. यांना कितीही सांगा, कळत नाही."

मी दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. एकावर मुदत देणारा मेसेज, दुसऱ्यावर गेल्या सोमवारचा. दोन्हींवर तारखा. "मग मला एक सांगा. हा माणूस सावनचा पहिला सोमवार कुठला धरून बसला होता?"

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. कप बाजूला सरकवला. "इकडे मराठी लोक पुष्कळ आहेत," ते म्हणाले.

"आहेत ना. मीच एक आहे. पण वॉलेटचं शुल्क माझ्या घरातल्या खात्यातून गेलं नाही."

त्यावर तो माणूस जे बोलला ते मी विसरणार नाही. "ते खातं बायकोचं आहे. तिलाच विचारा."

मी पुष्कळ हरामखोर बघितलेत. खून करून जेवायला बसलेले बघितलेत. पण त्या वाक्यानं मला किळस आली. आवाज न चढवता मी दार उघडून त्यांच्या पत्नीला आत बोलावलं आणि खात्याबद्दल विचारलं. तिला काही समजलं नाही. "मोबाइलवर ओटीपी यायचे. हे मागायचे, मी सांगायची. एकदा चेहऱ्याचा फोटो काढला होता, गॅसच्या सबसिडीसाठी म्हणून."

"कशाला पाहिजे, हे विचारलं नाहीत?"

"घरातल्या माणसाला काय विचारायचं?" असं म्हणून तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो वर बघेना. मला वाटतं, तिला सगळं तेव्हाच कळलं.

मग तो बोलता झाला. नाण्यांत पैसे लावले होते, बुडाले होते. मेहुणीच्या पगाराचा हिशोब त्याला माहीत होता. दिवाळीत लॅपटॉपवर फोटो राहिले. कारखान्यातला कुणी कुक्षीचा मुलगा सावनचे सोमवार करतो, हे मेहुणीनं बहिणीला सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. "म्हणून सावन लिहिलं. म्हणजे तिला त्याचाच संशय येईल," तो म्हणाला. "पण फोटो मी कुणाला पाठवणार नव्हतो हो. घरचीच मुलगी आहे." लॅपटॉप आणि दोन मोबाइल जप्त झाले, पंचनामा झाला. मुलीचे पैसे तिसऱ्या वॉलेटमध्ये जसेच्या तसे पडून होते. बाहेर काढायची त्याची हिंमत झाली नव्हती.

धारला परतल्यावर मुलीला बोलावलं. तिनं तोच प्रश्न विचारला. "काका, तो आहे का?"

"नाही. तो नाही."

तिनं डोळे मिटले. मग विचारलं, "कोण?" मी सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

मुलीचे वडील येऊन गेले. घरातली गोष्ट घरात मिटवू, जावयाचं आयुष्य जाईल, असं म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितलं की खंडणीचा गुन्हा दोन्ही बाजूंनी बसून मिटवता येत नाही. मुलगी तिथेच होती. तिनं मोबाइल काढला आणि मांडूचे ते दोन्ही फोटो स्वतःच बापासमोर धरले. "यासाठी पैसे मागत होते, पप्पा. आता बघून घ्या." म्हाताऱ्यानं बघितले. पिशवी उचलून बस धरायला गेला.

जप्त केलेला मोबाइल परत न्यायला कुक्षीचा मुलगा आला त्या दिवसाची ही शेवटची गोष्ट. मला ओशाळल्यासारखं झालं होतं. पोलिसाचा एक नियम असतो, संशयिताला कधी सांगायचं नाही की तुझं नाव कुणी दिलं. शिवाय या दोघांचं जमायचं असेल तर ते कळणं बरं नव्हतं. म्हणून मी खोटं बोललो. "बेटा, मन में मत रखना. तेरा नाम मैंने ही निकाला था. हमारा काम ही शक करना है."

तो हसला. "सर, क्यों झूठ बोल रहे हो? मेरा नाम तो उसी ने दिया था. देने के एक दिन पहले उसने मुझे फोन किया था."

"क्या बोली?"

"बोली, मुझे तुझ पर शक है. कल पुलिस को तेरा नाम दे रही हूं. बुलाएं तो मोबाइल खोल के रख देना. तू नहीं है तो डरना मत, मैं बाहर बैठूंगी."

मी खुर्चीत मागे टेकलो. नाव सांगायला मागितलेला एक दिवस, टेबलावर उघडा ठेवलेला मोबाइल, दिवसभर बाकावरून न हललेली ती, सगळ्याचा अर्थ मी उलटा लावला होता. तपासाच्या दृष्टीनं तिनं घातच केला होता. तो खरा गुन्हेगार असता तर सगळा पुरावा पुसून आला असता. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची बदली केली असती. पण आयुष्यभर मी संशय घेतला तो माणसाच्या पाठीमागे. तोंडावर सांगून संशय घेणारी ती एकच बघितली, आणि ज्याच्यावर घेतला तो तिच्याजवळून गेला नाही. उलट ज्या घरात कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं, ते घर बसलं.

मुलगा मोबाइल घेऊन बाहेर गेला. ती त्याच बाकावर होती. मी पोर्चपर्यंत गेलो. ती म्हणाली, "काका, आम्ही देवासला चाललो. ताई माहेरी आली आहे, पण आमचं बोलणं नाही. खातं तिच्या नावाचं होतं. मी तिला जाऊन विचारणार आहे, तुला माहीत होतं का म्हणून. विचारू ना?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. जिभेवर आलंही होतं.

"विचार," मी म्हटलं. "तिच्याकडे बघून विचार."